परक्या दरबारात आपला माणूस

परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी लागतं. नृसिंहाचं गाव. परभणी-परळी लोहमार्गावर स्थानकही त्याच नावाचं. इथे कोणत्या देशाची वकिलात कधी नव्हती, असण्याचं कारणही नाही. पण परक्या दरबारात आपल्या वतीने कोण बोलतो, या प्रश्नाची झळ गोदाकाठच्या या पट्ट्याला जितकी लागली, तितकी महाराष्ट्रात फार थोड्या मुलखांना लागली असेल.

१७१९ च्या मुघल सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांकडे आली. पुढे हैदराबादला निजामाची गादी स्थिरावली आणि या भागातल्या कुणब्याच्या एकाच पिकावर दोन दौलती हक्क सांगू लागल्या. किती वसूल झालं, किती थकलं, कोणाच्या माणसांनी कोणत्या परगण्यात ज्यादा उचललं, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. तो नेहमी रणांगणावर चालला नाही. बराचसा कागदावर आणि दरबारात चालला, आणि तो चालवणारा माणूस म्हणजे वकील.

आजच्या कोर्टातल्या वकिलाशी याचा संबंध नाही. पेशव्यांचा वकील म्हणजे परक्या राजधानीत कायमचा मुक्काम असलेला पुण्याचा प्रतिनिधी. दिल्लीची वकिली हिंगणे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि त्यांचे कागद ‘हिंगणे दप्तर’ म्हणून छापूनही निघाले. हैदराबादेत नाना फडणविसांच्या काळी गोविंदराव काळे होते. दरबारात कोणाची चलती आहे, कवायती पलटणी किती वाढल्या, इंग्रजांच्या रेसिडेंटाची भेट किती वेळ चालली, हे सगळं टिपून पुण्याला कळवायचं आणि पुण्याहून आलेला खलिता योग्य घडीला, योग्य शब्दांत सादर करायचा, ही त्यांची नोकरी. पत्रं जासुदांच्या जोड्या नेत. एकाला वाटेत काही झालं तरी कागद पोचावा म्हणून दोघे. आज भारताची वकिलात परराष्ट्र मंत्रालयाला जे कळवते, त्याचं मूळ काम हेच आहे. साधनं तेवढी बदलली.

काळ्यांच्या पदरी आलेलं सर्वांत अवघड काम थकलेल्या चौथाईचंच होतं. निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क हिशेब मान्य करीना, बोलणी चिघळली आणि मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला लढाई झाली. तहात मराठ्यांनी त्या दिवाणालाच ताब्यात मागून घेतलं. वकिलाच्या कामाचं मोल मला इथे दिसतं. त्याच्या मागे उभं राहणारं राज्य असेल तर त्याच्या शब्दाला वजन येतं आणि ते राज्य डळमळलं की उत्तमातला उत्तम वकीलही नुसता पत्रलेखक उरतो.

हे खरं ठरायला फार वेळ लागला नाही. १७९८ आणि १८०० च्या तहांनी निजाम तैनाती फौजेत अडकला, १८०२ मध्ये वसईच्या तहाने दुसरा बाजीराव. इतर सत्तांशी बोलणी करायची तर आता कंपनीला विचारून. दोन्ही दौलतींचं परराष्ट्र खातं असं कलमाच्या एका ओळीत गेलं. हैदराबादेत रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याने मुशीकाठी खांबांचा भव्य वाडा उभारला. खर्च निजामाचा. त्या खजिन्यात मराठवाड्याचा साराही जात होता, म्हणजे परक्या वकिलाच्या घराला इथल्या ज्वारी-कापसाचा हातभार लागला म्हणायला हरकत नाही. कोठी भागातली ती इमारत आजही उभी आहे. तिथे नंतर मुलींचं महाविद्यालय भरू लागलं.

पुढची जवळपास दीडशे वर्षं परभणीच्या माणसाच्या वतीने जगात कोणी बोलत नव्हतं. मग १९४७ मध्ये निजामाला स्वतःच्या वकिलाती हव्याशा वाटू लागल्या. नोव्हेंबरात भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. त्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे एजंट जनरल नेमायचे होते. हैदराबादचे झैन यार जंग दिल्लीत बसले, भारताचे कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादेत आले. लंडनमध्येही निजामाचा एजंट जनरल होता. एकीकडे परभणी, नांदेड, बीडच्या गावांतून निजामाच्या बाजूने उठलेल्या रझाकार टोळ्यांच्या भीतीने माणसं सरहद्द ओलांडून जात होती, स्वामी रामानंद तीर्थांसारखे पुढारी तुरुंगात होते, आणि दुसरीकडे त्याच प्रजेच्या नावाने परदेशांत प्रतिनिधी नेमले जात होते. १६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार आली, हैदराबादच्या वतीने मोईन नवाज जंग बोलायला उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी हैदराबादने भारतीय फौजेपुढे शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिदिन म्हणून आपण जो १७ सप्टेंबर पाळतो, त्याच्या आदल्या दिवशी आपल्याच नावाने पॅरिसात बाजू मांडली जात होती आणि आपल्याला कोणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

पैशाचं प्रकरण तर त्याहून लांबलं. शरणागतीनंतर तिसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या निजामाच्या खात्यातून सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या खात्यात गेले. आठवड्याच्या आत निजामाने ते परत मागितले, बँकेने दिले नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ ला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

संस्थान गेलं, तरी परदेशातली त्याची एक खूण परभणीकरांच्या अजून उपयोगी पडते. मक्केत निजामाच्या रुबात आहेत, म्हणजे यात्रेकरूंसाठीची मुक्कामाची घरं. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातल्या जिल्ह्यांच्या हाजींना तिथे मोफत राहता येतं, त्यात मराठवाडाही येतो. अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या टाकतात. या हाजींची बाकीची काळजी मात्र जेद्दाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे असते. हजच्या दिवसांत तिथलं कार्यालय जवळजवळ एखाद्या जिल्हा प्रशासनासारखं चालतं.

भारताच्या अशा वकिलाती, उच्चायोग आणि वाणिज्य दूतावास आता जगभरात मिळून दोनशेच्या वर आहेत. वकिलात राजधानीत असते आणि सरकारशी बोलते. वाणिज्य दूतावास दुसऱ्या मोठ्या शहरांत असतो आणि मुख्यतः माणसांचं बघतो. हे नियम १९६१ आणि १९६३ च्या व्हिएन्ना करारांनी बांधले. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघून न्यूयॉर्कचे महावाणिज्यदूत झाले. ते परराष्ट्र मंत्रालयात असताना पासपोर्टचं काम टपाल कार्यालयांत नेण्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली. गावाकडून गेलेला अधिकारी टेबलाच्या त्या बाजूला बसला की काय फरक पडतो, याचं मला तरी हे पटणारं उदाहरण वाटतं.

पण आखातात कामाला जाणाऱ्या तरुणाला त्याचा एजंट पाठ असतो, वकिलातीचा पत्ता ठाऊक नसतो. दहावी न झालेल्याला आखाती देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते. ती चुकवून भेट व्हिसावर पाठवणारे दलाल त्याला त्याच क्षणी सरकारी नोंदीबाहेर ढकलतात. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, पगार थांबवला, तर दाद मागायची जागा वकिलात. पासपोर्ट हरवला तर परतीपुरता दाखला तीच देते. विपन्न अवस्थेत अडकलेल्यांसाठी २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे.

आणि माणूस तिकडेच गेला तर काम सर्वांत किचकट होतं. तिथल्या पोलिसांचा आणि इस्पितळाचा दाखला, वारसांचं संमतिपत्र, मृताचा पासपोर्ट रद्द करणं, दूतावासाचं ना-हरकत पत्र. यातला एक कागद अडला तर शवपेटी विमानात चढत नाही. थकलेला पगार आणि भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा पाठपुरावा त्यानंतर महिनोन्‌महिने चालतो. सौदीतून अशी रक्कम आली की ती दूतावासामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे येते, तहसीलमध्ये वारस पडताळले जातात आणि मग पैसे घरच्यांच्या हाती पडतात.