बद्द आवाजाची स्की

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. जुनी स्की घेताना मीही तेच करतो. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये हिवाळ्याच्या तोंडावर वापरलेल्या स्कींचे बाजार भरतात. तिथे टोकापासून शेपटीपर्यंत दर दोन बोटांवर टिचकी मारत जायचं. धड स्की सगळीकडे एकसारखी वाजते. आतले थर सुटलेले असतील तिथे आवाज बद्द येतो.

माझी आत्ताची जोडी अशा बद्द आवाजामुळेच स्वस्तात मिळाली. एका स्कीच्या शेपटीजवळ वीतभर लांबीचे थर उकलले होते आणि त्याच ठिकाणी पोलादी कड किंचित बाहेर आली होती.

स्की बाहेरून एकसंध फळी दिसते, पण ती थरांची बनलेली असते. मध्ये लाकडी पट्ट्यांचा गाभा, त्याच्या वर-खाली फायबरग्लास, काहींत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्राही. तळाला पॉलिएथिलीन आणि तळाच्या दोन्ही काठांना पोलादाची बारीक पट्टी, म्हणजेच कड. या पट्टीला आतल्या अंगाने दाते असतात, ते थरांत रुतून बसतात. हे सगळं धरून ठेवतो तो एपॉक्सी गोंद.

पूर्वी असं नव्हतं. 1920च्या दशकात साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरने लाकडी स्कीच्या काठांना पोलादाचे छोटे तुकडे स्क्रूने बसवले, तेव्हा कुठे कडक बर्फावर स्की पकड घेऊ लागली. पुढे 1947मध्ये हॉवर्ड हेड हा विमान कारखान्यातला इंजिनिअर व्हरमाँटमधल्या स्टो इथे स्की करायला गेला. लाकडी स्कींनी त्याचं समाधान झालं नाही. विमानबांधणीत धातूचे पातळ पत्रे हलक्या गाभ्यावर चिकटवतात, तसंच इथे करून बघायचं त्याने ठरवलं. त्याच्या सुरुवातीच्या जोड्या डोंगरावर मोडत गेल्या. प्रत्येक मोडलेली स्की बघून तो पुढची बनवत राहिला, आणि 1950च्या सुमारास त्याची टिकणारी स्की तयार झाली. स्की दुरुस्त करायला बसलो की मला हा माणूस आठवतो.

थर सुटतात ते बहुतेकदा कडेपासून. दगडावर आपटून कड हलते, बारीक फट पडते, फटीत बर्फाचं पाणी शिरतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणजे दर रात्री आत पाचर ठोकल्यासारखंच. लाकूड ओलं राहिलं तर कुजतंही.

म्हणून आधी वाळवणं. बहुतेक जण इथेच घाई करतात, फट दिसली की त्यात गोंद ओततात. ओल्या लाकडावर एपॉक्सी नीट धरत नाही. मी फटीत दोन लाकडी काड्या सरकवून ती जेमतेम उघडी ठेवली आणि स्की तळघरात बॉयलरजवळ आठवडाभर उभी करून ठेवली. मग पॉलिश पेपरची घडी आत फिरवून जुना गोंद खरवडला आणि अल्कोहोलने पुसून काढलं. इथे ॲसिटोन वापरू नये. स्कीच्या बाजूची भिंत एबीएस प्लास्टिकची असेल तर ते ती विरघळवतं.

एपॉक्सी सावकाश सुकणारंच घ्यावं. पाच मिनिटांत सुकणारं आतवर पोचायच्या आधीच घट्ट होतं. स्की हेअर ड्रायरने कोमट केली की एपॉक्सी पातळ होऊन आपोआप खोल ओढलं जातं. वर-खाली बटर पेपर, त्यावर सपाट लाकडी पट्ट्या आणि मग क्लॅम्प. आवळताना काठाने गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की थांबावं. फार आवळलं तर सांध्यातला गोंदच निघून जातो. नंतर पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. मला तो दिवस फार जड गेला.

कडेचं काम त्यानंतरचं. दगडावर घासलं गेलेलं पोलाद क्षणभर तापतं आणि लगेच बर्फात थंड होतं. लोहार विळ्याला पाणी देतो तसंच होतं ते, आणि तेवढाच ठिपका इतका कडक होतो की कानस त्यावरून नुसती घसरते. म्हणून तिथे आधी हिऱ्याच्या कणांची पट्टी चालवायची, कानस मागाहून. शेवटी बोटाला लागणारी कुसळं काढायची. न्यू इंग्लंडच्या उतारांवर पाऊस पडून गोठतो आणि काचेसारखा बर्फ तयार होतो. तिथे या धारेशिवाय वळताच येत नाही. कडेवर आडव्या केसभर भेगा दिसतात, त्या मात्र तशाच राहू द्याव्यात.

टाचेखाली, बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगच्या स्क्रूपाशी थर सुटले असतील तर मी ती स्की घेत नाही. तिथला सांधा वळणावर निखळला तर स्क्रू उपटून येतात आणि गुडघा जातो. अशी जोडी कितीही सुंदर असली तरी खाली ठेवतो.

शेपटीच्या दुरुस्तीला आता दोन हिवाळे झाले आहेत. दिवस संपला की पार्किंगमध्ये, गाडीत ठेवण्याआधी, जुन्या पंच्याने दोन्ही कडा कोरड्या पुसतो आणि त्या वीतभर जागेवर एक टिचकी मारून बघतो.