घरातील ताण आणि मुलाचा श्वास : भोपाळचा धडा

लहान मुलाला धाप लागली, छातीतून घरघर ऐकू येऊ लागली किंवा रात्री खोकल्याची उबळ थांबेनाशी झाली, की घरातील मंडळी प्रथम हवापाण्याला दोष देतात. थंडी, धूळ, पावसाळी ओल, दही, केळी अशी कारणे सांगितली जातात. त्यांपैकी काही खरी असतात, काही नसतात. परंतु मुलाच्या श्वासावर परिणाम करणारी आणखी एक गोष्ट आहे व तिच्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ती म्हणजे मुलाच्या घरातील मानसिक वातावरण. भीती, शोक, कलह, कर्जाची विवंचना आणि आईची झोप उडविणारी काळजी यांचा मुलाच्या फुप्फुसांशी संबंध असतो, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने पुढे आणले आहे. ही गोष्ट समजून घेण्यास भोपाळ शहराचा अनुभव विशेष उपयोगी पडणारा आहे.

भोपाळची मुले

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मेथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरला आणि जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला यांसारख्या दाट वस्त्यांमध्ये शिरला. पाच लाखांहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. हजारो माणसे दगावली. लहान मुलांवर हा आघात अधिक तीव्र होता. मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि वजनाच्या मानाने ती मोठ्या माणसांपेक्षा अधिक हवा आत घेतात. त्यामुळे हवेत विष असल्यास त्याचा वाटाही त्यांच्या शरीरात अधिक जातो.

या घटनेनंतर सुमारे शंभर दिवसांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी भोपाळच्या दोनशेहून अधिक मुलांची तपासणी केली. बहुतेक मुलांमध्ये खोकला व धाप ही लक्षणे तोवर कायम होती. श्वासाची क्षमता मोजली असता लहान श्वासनलिकांमध्ये अडथळा असल्याचे दिसून आले.

आईच्या पोटात असलेली बालकेही या आघातातून सुटली नाहीत. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांची पाहणी पुढे करण्यात आली. त्यांपैकी ४३ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले नाही. जी बालके जन्मली त्यांपैकी १४ टक्के पहिल्या तीस दिवसांतच दगावली. त्याआधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते. त्या वेळी गर्भात असलेली मुले तरुण झाल्यावर भोपाळ स्मारक रुग्णालय व संशोधन केंद्रातील संशोधकांनी त्यांच्या रक्ताची तपासणी केली. त्यांच्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा वीस वर्षांनंतरही वाजवीपेक्षा अधिक चेतलेली असल्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मापूर्वीचे वातावरण शरीराच्या घडणीवर किती खोल ठसा उमटविते, याचे हे उदाहरण होय.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. विषारी वायूने फुप्फुसांना झालेली इजा आणि ॲलर्जीतून होणारा दमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जी म्हणजे एखाद्या निरुपद्रवी वस्तूचे शरीराला असलेले वावडे. फुलांचे पराग, घरातील धुळीतील सूक्ष्म कीटक, झुरळांची विष्ठा, ओलसर भिंतींवरील बुरशी किंवा गाजरगवत यांना शरीर शत्रू समजते आणि त्यांच्याशी लढू लागते. या लढाईत श्वासनलिकेचे अस्तर सुजते, भोवतालचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि श्वास कोंडतो. यालाच दमा म्हणतात. असे वावडे बहुधा आनुवंशिक प्रवृत्तीतून येते. परंतु प्रवृत्ती असलेल्या प्रत्येक मुलाला दमा होतोच असे नाही. ती प्रवृत्ती बळावणार की शांत राहणार, हे पुष्कळ अंशी पहिल्या काही वर्षांतील परिस्थितीवर अवलंबून असते.

वायूनंतरचा दुसरा आघात

भोपाळमध्ये वायू काही तासांत विरला. भीती मात्र विरली नाही. ज्यांची माणसे गेली, ज्यांचे रोजगार बुडाले, ज्यांच्या घरातील कमावता माणूस धाप लागून अंथरुणाला खिळला, अशा हजारो घरांमध्ये वर्षानुवर्षे चिंतेचे सावट राहिले. फेब्रुवारी १९८५ मध्ये शहरातील दहा दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची मानसिक आरोग्याच्या दृष्टीने पाहणी करण्यात आली. त्यांपैकी १९३ जण, म्हणजे पाचांत एकाहून अधिक, उदासीनता, चिंता यांसारख्या मानसिक विकारांनी ग्रस्त होते. या रुग्णांमध्ये सुमारे ८० टक्के स्त्रिया होत्या. त्यानंतर बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील तज्ज्ञांच्या साहाय्याने तेथील शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देण्यात आले. खोकल्याचे औषध मागण्यासाठी आलेल्या स्त्रीला झोप लागते काय, जेवण जाते काय, रडू येते काय, हेही विचारावे, असा त्याचा आशय होता.

या स्त्रियांपैकी अनेकींच्या कडेवर मूल असणार, हे सांगण्यास आकडेवारीची गरज नाही. फुप्फुसे दुबळी झालेले मूल आणि मन खचलेली आई एकाच खोलीत राहत असतील, तर एकाचे दुखणे दुसऱ्याचे दुखणे वाढविते. मुलाची धाप पाहून आई घाबरते. आईचा घाबरा चेहरा पाहून मूल अधिक घाबरते व त्याचा श्वास आणखी उथळ होतो.

ताण श्वासापर्यंत कसा पोहोचतो

ताण ही केवळ मनाची अवस्था नव्हे. भीती वाटताच शरीरात काही द्रव्ये स्रवतात. त्यांपैकी कॉर्टिसॉल हे द्रव्य सूज आटोक्यात ठेवण्याचे काम करते. परंतु ताण महिनोन्‌महिने चालू राहिला, तर शरीर या द्रव्याला पूर्वीसारखी दाद देईनासे होते. मग श्वासनलिकेची सूज सहज वाढते. मज्जातंतूंच्या द्वारे श्वासनलिकेचे स्नायूही आवळले जातात. त्याच वेळी धूळ, धूर किंवा सर्दी यांची भर पडली, तर एरवी सौम्य राहिला असता तो त्रास तीव्र होतो. आई गरोदर असताना तिच्या ताणाचे परिणाम वारेतून गर्भापर्यंतही पोहोचू शकतात.

भोपाळमध्ये विष आणि ताण हे दोन्ही एकत्र आल्यामुळे त्यांचे परिणाम वेगळे करणे कठीण आहे. त्यासाठी कॅनडातील एक घटना पाहण्यासारखी आहे. जानेवारी १९९८ मध्ये तेथील क्वेबेक प्रांतात बर्फाच्या वादळाने विजेच्या तारा तुटून लाखो घरे कडाक्याच्या थंडीत अंधारात राहिली. काही ठिकाणी ही स्थिती महिनाभराहून अधिक टिकली. तेथे कोणताही विषारी वायू नव्हता. त्या काळात गरोदर असलेल्या स्त्रियांची मुले पुढे अनेक वर्षे अभ्यासली गेली. ज्या मातांनी अधिक मानसिक ताण सोसला होता, त्यांच्या मुलींमध्ये दम्याचे प्रमाण अधिक आढळले. अमेरिकेतील बोस्टन येथे ॲलर्जी किंवा दम्याची परंपरा असलेल्या कुटुंबांतील तान्ह्या बालकांचा अभ्यास झाला. बाळ दोन-तीन महिन्यांचे असताना ज्या घरांत सांभाळणाऱ्या व्यक्तीवर अधिक ताण होता, तेथील बाळांना पुढील वर्षभरात वारंवार घरघर लागण्याचा संभव अधिक दिसला. दमा असलेल्या शाळकरी मुलांबाबतही असे आढळले आहे की, जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा घर मोडणे अशा आघातानंतरच्या काही आठवड्यांत दम्याचा झटका येण्याची शक्यता वाढते. घरात कायमचा ताण असल्यास ती अधिकच वाढते.

दोष कोणाचा?

या माहितीचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचा धोका आहे. ‘तुझ्या काळजीमुळेच मुलाला दमा झाला’, असे आईला सुनावणे हे अन्यायाचे आणि अशास्त्रीयही होय. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांतही ही चूक घडली. आईच्या अति मायेमुळे दमा होतो, असे काही डॉक्टर मानीत आणि मुलांना आईवडिलांपासून तोडून दूरच्या संस्थेत ठेवीत. अमेरिकेतील डेन्व्हर हे अशा उपचाराचे प्रसिद्ध केंद्र होते. काही मुलांना तेथे बरे वाटे; परंतु घरातील धूळ, धूर व इतर वावड्यांपासूनही ती दूर झालेली असत, ही गोष्ट दुर्लक्षिली जाई. पुढे ही पद्धत मागे पडली.

ताण एकटा दमा निर्माण करीत नाही. प्रवृत्ती, हवा आणि ताण ही तीन अंगे एकत्र येतात तेव्हा दुखणे जोर धरते. शिवाय आईचा ताण बहुधा तिच्या स्वभावातून येत नाही. तो दारिद्र्यातून, व्यसनाधीन नवऱ्याच्या मारहाणीतून, एकटेपणातून किंवा कामाच्या ओझ्यातून येतो. उसाच्या तोडीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण घेता येईल. पालांत राहणारे मूल चुलीच्या धुरात झोपते, त्याची शाळा तुटते, नेहमीचा डॉक्टर दूर राहतो आणि आई पहाटेपासून फडात असते. तेथे हवा आणि ताण यांना वेगळे करता येत नाही. म्हणून उपायही दोन्ही बाजूंनीच केले पाहिजेत.

पहिल्या वर्षांची काळजी

गरोदरपणापासून मुलाच्या पाचव्या वर्षापर्यंतचा काळ सर्वांत महत्त्वाचा होय. या काळात घरात विडी-सिगारेट ओढू नये. बाहेर जाऊन ओढणे हाही पुरता उपाय नव्हे, कारण धूर कपड्यांना चिकटून येतो. स्वयंपाक शक्यतो गॅसवर करावा. चूल अपरिहार्य असल्यास धुराडे ठेवावे व मुलाला तिच्याजवळ बसवू नये. मच्छर अगरबत्ती, धूप आणि फटाके यांचा धूरही त्रासदायक ठरतो. ओल धरणाऱ्या भिंती दुरुस्त कराव्यात. गोधड्या व उशा नियमितपणे कडक उन्हात घालाव्यात. बाळाला पहिले सहा महिने केवळ अंगावर पाजावे.

मुलाला मातीपासून व गोठ्यापासून कायम दूर ठेवणे मात्र आवश्यक नाही. युरोपातील आल्प्स पर्वताच्या परिसरात गुराढोरांच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांमध्ये ॲलर्जी व दमा यांचे प्रमाण कमी आढळले आहे. लहानपणी निरनिराळ्या सूक्ष्म जंतूंची ओळख झाल्याने शरीर मित्र व शत्रू यांतील भेद शिकते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. धूर वाईट, परंतु अंगण वाईट नव्हे.

उपचारांविषयीचे गैरसमज

पंपाने म्हणजे इन्हेलरने औषध घेतल्यास त्याची सवय लागते, हा समज निराधार आहे. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते. त्यामुळे ते गोळीपेक्षा पुष्कळ कमी मात्रेत पुरते. लहान मुलांना ते नळकांड्यासारख्या साधनातून, ज्याला स्पेसर म्हणतात, सहज देता येते. तात्पुरता आराम देणारे आणि सूज आटोक्यात ठेवणारे अशी दोन प्रकारची औषधे असतात. दुसऱ्या प्रकारचे औषध बरे वाटू लागताच आपल्या मनाने बंद करू नये. घरातील ताण कमी करणे हे औषधाला पूरक आहे. ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, पोट उडत असेल, त्याला वाक्य पुरे करता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत मुलाला बसते ठेवावे, आराम देणारा पंप असल्यास डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्यावा आणि भोवतालची गर्दी हटवावी. जवळच्या माणसाने शांत आवाजात धीर देणे हाही या वेळी उपचाराचाच भाग असतो.

सर्वांचे कर्तव्य

शिक्षकांनी दमा असलेल्या मुलाला वर्गात वेगळे पाडू नये. त्याला खेळू द्यावे, पंप दप्तरात ठेवू द्यावा आणि फळा पुसण्याचे काम मात्र देऊ नये. एखादे मूल वारंवार गैरहजर राहत असेल, तर रागावण्यापूर्वी घरी काय चालले आहे याची विचारपूस करावी. आशा व अंगणवाडी सेविकांनी गरोदर मातांच्या भेटीत वजन व रक्तदाबाबरोबरच झोप आणि मनःस्थिती यांचीही चौकशी करावी. घरात मारहाण होत असल्यास त्या स्त्रीला मदतीचा मार्ग दाखवावा. वडील व आजी-आजोबांनी रात्रीची जागरणे वाटून घेतल्यास आईचा भार हलका होतो. आरोग्य अधिकाऱ्यांनी पूर, आग, दुष्काळ यांसारख्या आपत्तीनंतर औषधांच्या पेट्यांबरोबर मन सावरण्यास मदत करणारी माणसेही पाठवावीत. गरोदर स्त्रियांची व तान्ह्या मुलांची वेगळी नोंद ठेवावी.

भोपाळमध्ये २०१० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पर्यावरणीय आरोग्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था उभारली. पंचवीस वर्षांनंतरही अशा संस्थेची आवश्यकता भासावी, यावरून एका रात्रीचे परिणाम किती काळ टिकतात हे ध्यानी येते. तेथील आपत्ती कारखान्यातून आली. प्रत्येक गावात अशी आपत्ती येत नाही, ही सुदैवाची गोष्ट होय. परंतु धुराने भरलेली खोली आणि धास्तावलेली आई ही लहान आपत्ती पुष्कळ घरांत रोज घडत असते, आणि ती टाळणे आपल्या हाती आहे. मुलाला स्वच्छ हवा देण्याबरोबरच त्याच्या आईला आधार आणि घराला स्वस्थता देणे, हा बालदम्याच्या प्रतिबंधाचा अर्धा भाग समजला पाहिजे.