क्लैब्यनिदान : रुग्णाचा शब्द आणि वैद्याची कसोटी

बेल्हे येथे सोमवारच्या बाजाराला आलेला रुग्ण हलक्या आवाजात ‘धातू जातो’ एवढेच सांगतो. या दोन शब्दांत क्लैब्य असू शकते, किंवा केवळ भयही. अशा भयग्रस्त अवस्थेला डॉ. न. ना. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. चिनी परंपरेत हीच तक्रार ‘शेन-कुई’, म्हणजे वृक्कदौर्बल्य, ठरते. अठराव्या शतकातील युरोपातही तिसो या वैद्याने वीर्यनाशाची धास्ती पसरविली होती. आधुनिक वैद्यक मात्र उत्थान येते व टिकते का, हे पाहते.

चरकाचार्यांनी बीजोपघातज, ध्वजभंगज, जराज व शुक्रक्षयज असे चार भेद सांगितले आहेत. म्हणजेच निदानाआधी वाजीकरण नव्हे. पहाटे उत्थान होते का, हे प्रथम विचारावे. होत असल्यास मानसिक कारण संभवते. नसल्यास मधुमेह, रक्तदाब, तंबाखू व चालू औषधे तपासावीत. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्याने क्लैब्य ही हृद्रोगाची पूर्वसूचना ठरू शकते.

औषधालयचालकांनीही सावध राहावे. ‘शक्तिवर्धक’ चूर्णात छुपे सिल्डेनाफिल असल्यास नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते. रुग्णाची लाज हे आपल्या विक्रीचे भांडवल होऊ नये.