कोंबडी, डुक्कर आणि घोडा : आयर्लंडने आपली नाणी कशी ठरवली

१२ डिसेंबर १९२८ रोजी आयर्लंडमध्ये आठ नवी नाणी चलनात आली. त्यांवर राजा नव्हता, संत नव्हता, स्वातंत्र्यलढ्यातला वीरही नव्हता. पाव पेनीवर, म्हणजे फार्दिंगवर, वुडकॉक हा रानपक्षी होता. अर्ध्या पेनीवर पिल्लांसह डुकरीण आणि पेनीवर पिल्लांसह कोंबडी होती. तीन पेन्सवर ससा, सहा पेन्सवर वुल्फहाउंड हा उंच शिकारी कुत्रा, शिलिंगवर बैल, दोन शिलिंगच्या फ्लोरिनवर सॅमन मासा आणि सर्वांत मोठ्या, अडीच शिलिंगच्या हाफ क्राउनवर घोडा अशी पुढची चढती रांग होती. आठही नाण्यांच्या दर्शनी बाजूला हार्प हे तंतुवाद्य होते.

हे प्राणी ज्या समितीने निवडले तिचे अध्यक्ष कवी विल्यम बटलर येट्स होते. ‘गीतांजली’च्या १९१२च्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिणारे म्हणून भारतीय वाचक त्यांना ओळखतो. १९२३ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या काळात ते आयरिश सिनेटचे सदस्यही होते. एखाद्या देशाच्या चिल्लरीवर काय असावे हे ठरवण्याचे काम कवीकडे जावे, ही घटनाच विरळा. ते काम समितीने ज्या पद्धतीने केले, ती पद्धत तर आजही अभ्यासण्याजोगी आहे.

आयरिश मुक्त राज्य डिसेंबर १९२२ मध्ये अस्तित्वात आले, पण लोकांच्या खिशात पंचम जॉर्जची ब्रिटिश नाणीच होती. १९२६ मध्ये नाण्यांचा कायदा झाला आणि अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी सल्लागार समिती नेमली. येट्स यांच्या जोडीला चित्रकार डर्मॉड ओब्रायन, राष्ट्रीय कलादालनाचे संचालक लुशियस ओ’कॅलहन, कलासमीक्षक थॉमस बॉडकिन आणि कॉर्क शहरातील चांदीकामाचे व्यावसायिक बॅरी ईगन होते. नव्या नाण्यांच्या किमती ब्रिटिश नाण्यांप्रमाणेच राहणार होत्या. दोन्ही नाणी एकाच बाजारात शेजारी-शेजारी फिरणार असल्यामुळे वेगळेपण दाखवायला हातात उरला होता तो केवळ छाप.

सरकारने तीन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या : हार्प असावा, मजकूर फक्त आयरिश भाषेत असावा आणि आधुनिक काळातील कोणत्याही व्यक्तीची प्रतिमा नसावी. तिसरी अट फार मोलाची ठरली. देश नुकताच यादवी युद्धातून बाहेर पडला होता. एका गटाचा हुतात्मा दुसऱ्या गटाच्या लेखी हुतात्मा असेलच असे नव्हते. शिवाय मुक्त राज्य कागदोपत्री ब्रिटिश राजाचेच अधिराज्य होते. माणसाचा चेहराच नको म्हटल्यावर राजाचाही प्रश्न निकाली निघाला.

समितीने विविध संस्थांची मते मागवली आणि नंतर नकारांची यादी वाढवली. धार्मिक चिन्हे नकोत. शॅमरॉकचे तीन पानांचे डहाळे, गोल मनोरे, उगवत्या सूर्याचे किरण ही वापरून वापरून गुळगुळीत झालेली चिन्हेही नकोत. इतके सगळे वगळल्यावर उरली ती शेतकरी देशाची रोजची ओळख : गोठा, खुराडे, रान आणि नदी. प्राण्यांचा क्रमही विचारपूर्वक लावला होता. लहान किमतीच्या नाण्यांना मुख्यतः अंगणातले साधे जीव आणि मोठ्या नाण्यांना रुबाबदार प्राणी. घोड्यांच्या पैदाशीचा अभिमान बाळगणाऱ्या देशात सर्वांत वरचे स्थान घोड्याला मिळाले. सॅमन तर आयरिश पुराणकथेतला ज्ञानी मासा. त्याची चव प्रथम घेणाऱ्याला जगातले सर्व ज्ञान मिळते, अशी ती कथा.

विषय पक्का झाल्यावर मोजक्या शिल्पकारांना निमंत्रणे गेली. त्यांत आयर्लंडचे आल्बर्ट पॉवर, ऑलिव्हर शेपर्ड आणि जेरोम कॉनर होते. अमेरिकेचे पॉल मॅनशिप, स्वीडनचे कार्ल मिलेस, इटलीचे पुब्लिओ मोर्बिदुच्ची आणि इंग्लंडचे पर्सी मेटकाफ होते. पत्ता चुकल्यामुळे क्रोएशियन शिल्पकार इव्हान मेश्त्रोविच यांना पत्र उशिरा मिळाले. मुदत टळून गेल्यावर त्यांनी आपले हार्पचे शिल्प आयर्लंडला भेट देऊन टाकले. कलाकारांना नमुन्यादाखल सिसिलीतील प्राचीन ग्रीक वसाहतींच्या नाण्यांची आणि कार्थेजच्या एका नाण्याची छायाचित्रे पाठवली होती. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी घोडा, बैल, ससा हे विषय बोटाच्या पेराएवढ्या चांदीत जिवंत केले होते.

नाण्याची कला अवघड असते ती याच आकारामुळे. कलाकार आधी मोठ्या आकाराचे प्लास्टरचे शिल्प करतो. यंत्राच्या साहाय्याने त्याची लहान प्रतिकृती पोलादात उतरते आणि तिच्यापासून ठसे तयार होतात. शिल्प फार उठावदार असेल तर नाणी एकावर एक नीट रचता येत नाहीत आणि उंच भाग लवकर झिजतो. बारकावे जास्त असतील तर लहान आकारात त्यांचा गिचका होतो. म्हणून स्पष्ट बाह्यरेषेचा आणि वर्तुळ भरून टाकणारा एकच प्राणी हा विषय म्हणूनही योग्य होता आणि तंत्र म्हणूनही.

वेगवेगळ्या कलाकारांची उत्तम शिल्पे निवडून संच जुळवावा, असा समितीचा मूळ विचार होता. प्रत्यक्ष नमुने समोर आल्यावर मेटकाफ यांचा संपूर्ण संच इतरांपेक्षा इतका सरस वाटला की आठही नाणी त्यांच्याकडेच गेली. मेटकाफ यॉर्कशरमधील वेकफील्डचे, म्हणजे अस्सल इंग्रज. पुढे १९४० मध्ये ‘जॉर्ज क्रॉस’ या ब्रिटिश शौर्यपदकाची रचनाही त्यांनीच केली.

यानंतर कृषी खात्याचे तज्ज्ञ पुढे आले. ग्रीक नाण्यावरून स्फुरलेला बैल त्यांना देखणा वाटला तरी आदर्श जातिवंत जनावर म्हणून पसंत पडला नाही. डुकरिणीचे गालही बाजाराच्या मागणीत बसणारे नव्हते. पशुधन निर्यात करणाऱ्या देशाच्या नाण्यावर सदोष जनावर दिसणे त्यांना परवडणारे नव्हते. मेटकाफ यांनी दोन्ही शिल्पे बदलली. येट्स यांना नवा बैल आवडला. डुकरिणीबद्दल मात्र त्यांना हळहळ वाटली. शिल्पातला एक तपशील बदलला की सगळेच बदलावे लागते, आणि जुन्या डुकरिणीचा उद्दाम, शहाणा तोरा त्या फेरबदलात गेला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

नाणी आली तेव्हा टीकाही झाली. ख्रिस्ती देशाच्या पैशावर देवाधर्माचे काही नाही, हे पशू म्हणजे मूर्तिपूजकांचे अवशेष, असा एक सूर होता. कलाकार इंग्रज, टांकसाळ लंडनची आणि खर्च मात्र आयरिश जनतेचा, अशी राष्ट्रवाद्यांची तक्रार होती. तरी नाणी रुजली. १९३७ च्या राज्यघटनेनंतर १९३९ पासून देशाचे नाव नाण्यांवर बदलले, पण प्राणी होते तिथेच राहिले.

व्यक्तीची प्रतिमा टाळण्याची अट किती दूरदृष्टीची होती, हे १९६६ मध्ये दिसले. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टरच्या उठावाला ५० वर्षे झाली म्हणून त्या उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांच्या चेहऱ्याचे दहा शिलिंगचे चांदीचे नाणे काढले गेले. ते व्यवहारात चालले नाही आणि त्यातली बरीच नाणी वितळवावी लागली. उलट, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान पद्धत आली तेव्हा नव्या लहान नाण्यांसाठी शिल्पकार गॅब्रिएल हेज यांनी जुन्या हस्तलिखितांतले नक्षीदार पक्षी घेतले, तर मेटकाफ यांचा बैल ५ पेन्सवर, सॅमन १० पेन्सवर आणि वुडकॉक थेट ५० पेन्सवर गेला. १९८६ मध्ये २० पेन्सचे नाणे आले आणि दशमान नाण्यांत जागा न मिळालेला घोडाही परतला. १९९० च्या एक पौंडाच्या नाण्यावर टॉम रायन यांचे लाल हरिण आले. कलाकार नवा असला तरी विषय समितीने घालून दिलेल्या वाटेवरचाच होता.

१ जानेवारी २००२ पासून युरो हातात आला. त्याची एक बाजू सर्व देशांना समान आणि दुसरी ज्या-त्या देशाची. आयर्लंडने आपल्या आठही युरो नाण्यांवर एकच हार्प ठेवला. अशा रीतीने मंत्र्याने एका ओळीत घातलेली अट टिकली आणि समितीने इतका खल करून निवडलेले प्राणी चलनातून गेले. तोवर त्या आठांपैकी चौघांनी, घोडा, बैल, सॅमन आणि वुडकॉक यांनी, १९२८ पासून २००२ पर्यंत राज्याचे नाव, मोजणीची पद्धत आणि नाण्यांच्या किमती बदलताना पाहिल्या होत्या. कोणत्याही गटाचे नसल्यामुळे, दरम्यानच्या एकाही सरकारला त्यांना कायमचे हटवण्याचे कारण सापडले नाही.