सौंसरचे मुनीमजी आणि पांढुर्ण्याचा सर्व्हर

दि. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा व सौंसर छिंदवाड्यापासून अलग होऊन नवा जिल्हा झाला. परंतु आमच्या पेढीपुरती ही दोन गावे सर्व्हरने त्यापूर्वीच जोडली होती. खातेवह्या पांढुर्ण्याच्या गादीवरील यंत्रात, आणि सौंसरच्या दुकानी बसलेले मुनीमजी रिमोट डेस्कटॉपने त्याच वह्या उघडतात. सोय मोठीच, पण बिल शेवटी कागदावर लागते. मालाच्या जीएसटी बिलाच्या तीन प्रती: एक गिऱ्हाइकास, दुसरी वाहतूकदारास, तिसरी आपणांस.

एके सायंकाळी नागपूरची गाडी भरून उभी. मुनीमजींनी सौंसरचा नवा सामायिक प्रिंटर जोडू पाहिला, तो यंत्राने प्रशासकाचा पासवर्ड मागितला. आम्ही घाईने मुनीमजींनाच प्रशासक केले. गाडी सुटली खरी; परंतु बिलबुक काढण्यासाठी तिजोरीची किल्ली द्यावी, तसा हा प्रकार झाला. मुनीमजींच्या सचोटीविषयी शंका नाही. पण त्यांच्या हातून एखादी विषारी फाइल उघडली गेली असती, तर सर्व दुकानांच्या वह्या तिच्या तावडीत सापडल्या असत्या.

हा पहारा निष्कारण नव्हे. 2021 च्या जुलैत विंडोजच्या छपाई-व्यवस्थेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ नामक छिद्र उघडकीस आले; त्यातून सामान्य वापरकर्ताही यंत्राचा धनी होऊ शकत असे. सबब 10 ऑगस्ट 2021 पासून मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचा ड्रायव्हर बसविण्याचा अधिकार प्रशासकापुरता ठेवला. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून हा निर्बंध उठविता येतो, असे सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांचे ऐकू नये. तेच दार पुन्हा उघडते.

योग्य मार्ग सोपा निघाला. प्रशासकाने तोच ड्रायव्हर, त्याच आवृत्तीचा, सर्व्हरवर एकदा आधीच बसवावा आणि प्रिंटर व्यक्तीला न जोडता यंत्राला जोडावा. म्हणजे तेथे येणाऱ्या प्रत्येकास तो दिसतो. टेबलावरचाच प्रिंटर असेल तर विंडोज सर्व्हर 2008 पासून आलेली ‘ईझी प्रिंट’ सोय पुरते. सर्व्हरवर निराळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र ती अक्षरे चित्ररूपाने पाठविते, त्यामुळे आमचा जुना डॉट मॅट्रिक्स एका बिलाला इतका वेळ घेई की हमाल चहा पिऊन परत येत.

दुसऱ्याच दिवशी मुनीमजींचे प्रशासकपद काढून घेतले. ते किंचित रुसले. परंतु त्या सायंकाळी तिन्ही प्रती सौंसरलाच निघाल्या, आणि पासवर्ड कोणी विचारला नाही.