पहिल्या कादंबरीची पूर्तता आणि साहाय्याची रचना : मेक्सिकन लेखक केंद्राचे उदाहरण

१

साहित्यनिर्मितीच्या चर्चेत प्रतिभा, अनुभव आणि भाषाप्रभुत्व या तीन घटकांचे विवेचन मराठी समीक्षेत विपुल झाले आहे. आरंभिलेली कृती पुरी कशी होते, हा प्रश्न मात्र बहुधा लेखकाच्या चरित्राकडे किंवा आठवणींकडे सोपविला जातो. कवितेच्या बाबतीत ही उपेक्षा फारशी जाणवत नाही. कविता एका बैठकीत उतरू शकते, कथाही काही दिवसांत हातावेगळी होते. कादंबरीला मात्र महिने लागतात, कित्येकदा वर्षे लागतात. एवढ्या कालावधीत लेखकाचा निर्वाह कसा चालावा, त्याचा उत्साह कशाच्या बळावर टिकावा आणि अर्धवट मजकुरातील दोष त्याला कोणी दाखवावेत, या गोष्टी तेथे निर्णायक ठरतात.

पहिल्या कादंबरीच्या लेखकापुढे ही अडचण अधिक तीव्र असते. त्याची वाट पाहणारा प्रकाशक नसतो, वाचकवर्ग नसतो, आणि आपण एवढे दीर्घ लेखन पुरे करू शकतो याचा स्वतःचा पुरावाही त्याच्यापाशी नसतो. त्याने लेखन सोडून दिले तर कोणाचीच तक्रार येत नाही. म्हणूनच अपुऱ्या राहिलेल्या पहिल्या कादंबऱ्यांचा इतिहास लिहिला जात नाही. तो टेबलांच्या खणांतच राहतो.

या अडचणीवर विसाव्या शतकात काही संस्थांनी जाणीवपूर्वक उपाय योजले. त्यांना येथे ‘रचनाबद्ध साहाय्य’ असे म्हटले आहे. त्याची अंगे चार : ठराविक मुदतीपुरती निर्वाहाची तरतूद, झालेल्या कामाचा वेळोवेळी अहवाल, समव्यवसायी लेखकांपुढे नियमित वाचन, आणि अनुभवी लेखकाचा सल्ला. पारितोषिकाहून हे साहाय्य तत्त्वतः भिन्न आहे. पारितोषिक पुऱ्या झालेल्या कृतीचा गौरव करते. हे साहाय्य अपुऱ्या कृतीवर विश्वास टाकते. या चारही अंगांचे कार्य एकत्र पाहावयाचे असेल, तर हुआन रुल्फो यांच्या ‘पेद्रो पारामो’ (१९५५) या कादंबरीइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल.

२

‘सेंत्रो मेहिकानो दे एस्क्रितोरेस’, म्हणजे मेक्सिकन लेखक केंद्र, ही संस्था १९५१ साली मेक्सिको शहरात स्थापन झाली. अमेरिकन कादंबरीकर्त्री मार्गारेट शेड यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाने आर्थिक साहाय्य दिले. निवडक तरुण लेखकांना वर्षभराची पाठ्यवृत्ती द्यावी, त्या वर्षात त्यांनी संकल्पित ग्रंथ लिहावा, आणि ठराविक दिवशी एकत्र जमून आपले लेखन एकमेकांना वाचून दाखवावे, अशी तिची पद्धत होती. हुआन होसे आर्रेओला पहिल्याच तुकडीत होते. पुढे कार्लोस फुएन्तेस यांना १९५६–५७ ची पाठ्यवृत्ती मिळाली आणि त्यांची पहिली कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. केंद्राचे कार्य २००५ सालापर्यंत चालले.

रुल्फो यांचा जन्म १९१७ साली हालिस्को प्रांतात झाला. त्यांच्या बालपणीच १९२३ साली वडिलांचा खून झाला आणि १९२७ साली आईही निवर्तली. प्रौढपणी त्यांनी प्रथम सरकारी कचेरीत आणि नंतर मोटारींचे टायर बनविणाऱ्या कंपनीत नोकरी केली. १९४५ पासून त्यांच्या कथा नियतकालिकांतून येऊ लागल्या होत्या. एक कादंबरी त्यांच्या मनात बरीच आधीपासून घोळत होती. १९४७ साली वाग्दत्त वधू क्लारा आपारिसिओ यांना लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख येतो. त्या वेळी तिचे नाव ‘चंद्राशेजारी एक तारा’ अशा अर्थाचे होते. ती पुरी मात्र १९५४ पर्यंत झाली नाही.

त्यांना केंद्राची पाठ्यवृत्ती लागोपाठ दोन वर्षे मिळाली : १९५२–५३ आणि १९५३–५४. पहिल्या वर्षातील कामाची परिणती ‘एल यानो एन यामास’ या कथासंग्रहात झाली. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दुसरे वर्ष कादंबरीचे होते. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. संस्थेने प्रथम लेखकाच्या हाती असलेला, लवकर पुरा होण्याजोगा ग्रंथ पुरा करून घेतला, आणि त्यामुळे आलेल्या आत्मविश्वासावर दुसऱ्या वर्षी दीर्घ व अनिश्चित कामाला वाव दिला. पाठ्यवृत्ती एकाच वर्षाची असती, तर कथासंग्रह झाला असता. कादंबरीविषयी तसे खात्रीने म्हणता आले नसते.

३

१९८५ साली, कादंबरीच्या प्रसिद्धीला तीस वर्षे झाली तेव्हा, रुल्फो यांनी तिच्या लेखनाची हकीकत सांगितली. १९५४ च्या वसंतऋतूत आपण शाळकरी वही विकत घेतली, ऑगस्टपर्यंत सुमारे तीनशे पृष्ठे जमली, मजकूर टंकित करीत असता हस्तलिखित कागद आपण नष्ट केले आणि पुढच्या तीन खर्ड्यांत पृष्ठसंख्या निम्म्यावर आणली, असे ते सांगतात. अभ्यासकाने हे निवेदन तपासून घेतले पाहिजे. कादंबरीचा एक भाग ‘लास लेत्रास पात्रियास’ या नियतकालिकाच्या जानेवारी–मार्च १९५४ च्या अंकात आहे, दुसरा जूनमध्ये विद्यापीठाच्या मासिकात आणि तिसरा सप्टेंबरमध्ये ‘दिन्तेल’ या मासिकात आला. तेव्हा लेखनाचा आरंभ त्या वहीच्या आधीच झाला असला पाहिजे. स्मृतीने अनेक महिन्यांचे काम एका उन्हाळ्यात गोळा केले आहे. कागदोपत्री पुराव्यावरून दिसते ते असे, की लेखन टप्प्याटप्प्याने झाले, आणि हे टप्पे पाठ्यवृत्तीच्या मुदतीत बसतात.

केंद्रातील वाचनसत्रांविषयी रुल्फो यांनी त्याच ठिकाणी दिलेली माहिती अधिक मोलाची आहे. आर्रेओला, अली चुमासेरो, श्रीमती शेड आणि रामोन शिराउ हे काम ठीक चालले आहे असे म्हणत. मिगेल ग्वार्दिया यांना त्या हस्तलिखितात परस्परांशी न जोडलेल्या प्रसंगांचा ढीग दिसे. रिकार्दो गारिबाय तर टेबलावर हात आपटून पुस्तक टाकाऊ असल्याचे सांगत. सत्राला पाहुणा म्हणून आलेल्या एका तरुण कवीने, कादंबरी लिहावयास बसण्यापूर्वी काही कादंबऱ्या वाचाव्यात, असा उपदेशही केला. रुल्फो यांचे वाचन किती विस्तृत होते हे त्याला ठाऊक नसावे.

या नोंदीवरून वाचनसत्राच्या कार्याविषयीचा एक रूढ समज दुरुस्त करावा लागतो. सहलेखकांनी योग्य सूचना कराव्यात आणि लेखकाने त्या स्वीकाराव्यात, अशी या पद्धतीची कल्पना सामान्यतः केली जाते. येथे श्रोत्यांत एकमत नव्हतेच. ‘पेद्रो पारामो’ ही सुमारे सत्तर लहान खंडांची कादंबरी आहे. पित्याच्या शोधात कोमाला गावी आलेल्या मुलाचे निवेदन आणि त्या गावातील मृतांचे आवाज तिच्यात एकमेकांत मिसळतात. प्रसंगांना जोडणारे निवेदकाचे वाक्य बहुधा नसतेच. ग्वार्दिया यांना जो दोष वाटला तोच पुढे या कादंबरीचा रचनाविशेष ठरला. त्यांचे निरीक्षण अचूक होते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष तेवढा टिकला नाही. लेखकाला मात्र त्या निरीक्षणाचा उपयोग झाला असणे शक्य आहे. आपण काय करीत आहो याचे नाव विरोधकाच्या तोंडून ऐकल्यावर ते सोडावयाचे की अधिक ठामपणे करावयाचे, एवढाच निर्णय उरतो. निम्मी पृष्ठे वगळताना रुल्फो यांनी दुसरा मार्ग पत्करला.

चुमासेरो यांचे उदाहरण याला पूरक आहे. सत्रांत त्यांनी उत्तेजन दिले. पण १९५५ च्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या परीक्षणात, मजकुराला एकत्र बांधणाऱ्या मध्यवर्ती केंद्राची उणीव त्यांनी दाखविली. म्हणजे लिहिणाऱ्याला धीर देणे आणि कृतीचे मूल्यमापन करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि एकच व्यक्ती ती दोन वेळी दोन भूमिकांतून करू शकते. लेखन चालू असताना दुसरे काम पहिल्यावर लादले गेले, तर पहिली कादंबरी सहसा पुरी होत नाही.

वाचनसत्र हे मौखिक सत्र होते, याचाही विचार झाला पाहिजे. मजकूर श्रोत्यांच्या कानावर पडावयाचा, आणि तोही एका बैठकीत मावेल एवढाच. आवाजांची बनलेली, लहान खंडांची ही कादंबरी अशा परिस्थितीत आकाराला आली, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण रुल्फो यांच्या आधीच्या कथांतही बोलीचा आवाज प्रबळ आहेच. एवढे निश्चित, की केंद्राकडे सादर केलेल्या टंकलिखित प्रतीवर कादंबरीचे नाव ‘लोस मुर्मुयोस’, म्हणजे ‘कुजबुज’, असे होते. ‘पेद्रो पारामो’ हे नाव नंतर आले. मार्च १९५५ मध्ये ‘फोन्दो दे कुल्तुरा एकोनोमिका’ या प्रकाशनसंस्थेने पहिल्या आवृत्तीच्या २,००० प्रती काढल्या.

संशोधकांच्या दृष्टीने या व्यवस्थेचा आणखी एक लाभ झाला. खंडांची अंतिम मांडणी करण्यात आपण साहाय्य केले, असे आर्रेओला यांनी पुढे सांगितले. ते मान्य न करणारा पक्षही आहे. अशा वादात केवळ आठवणींवर विसंबावे लागत नाही, याचे कारण पाठ्यवृत्तीधारकाने केलेले काम संस्थेकडे सादर करावे हा नियम. लेखकाने हस्तलिखित नष्ट केले, तरी कचेरीतील प्रत राहिली.

४

साहाय्याला अटी असतात, आणि अटी कृतीच्या स्वरूपापर्यंत पोहोचू शकतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली. तेथील विद्यार्थिनी फ्लॅनरी ओ’कॉनर यांना १९४७ साली त्यांच्या नियोजित पहिल्या कादंबरीसाठी ७५० डॉलरचे साहाय्य मिळाले. ते देणाऱ्या प्रकाशनसंस्थेला कादंबरी प्रथम पाहण्याचा हक्क होता. पुढे लेखनाच्या वळणाविषयी संपादकाशी त्यांचे पटले नाही. त्यांनी माघार घेतली नाही, आणि ‘वाइज ब्लड’ १९५२ साली दुसऱ्या संस्थेकडून प्रसिद्ध झाली. येथे पैसा देणारा, सल्ला देणारा आणि माल घेणारा एकच होता, हे संघर्षाचे मूळ. मेक्सिकन केंद्राला ग्रंथ विकावयाचा नव्हता. त्याच्या निधीविषयीही शंका घेता येते, कारण शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन प्रतिष्ठानांचे सांस्कृतिक दान निर्हेतुक मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु ‘पेद्रो पारामो’च्या पानांवर त्या निधीची छाया दिसत नाही.

विद्यापीठीय पदवीच्या चौकटीतही अशा साहाय्याची सोय होऊ शकते. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. काझुओ इशिगुरो १९७९–८० मध्ये तेथे होते, आणि त्यांची पहिली कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली.

साहाय्याची मर्यादाही रुल्फो यांच्याच उदाहरणाने दाखविली आहे. पुढे ते स्वतः त्याच केंद्रात तरुण लेखकांचे सल्लागार झाले. परंतु ‘ला कोर्दियेरा’ या नावाने दीर्घकाळ बोलली गेलेली त्यांची कादंबरी कधीच प्रसिद्ध झाली नाही. १९८६ साली ते निवर्तले. व्यवस्था लेखकाला वेळ देते, मुदत देते आणि श्रोते देते; लिहिण्याची निकड ती देऊ शकत नाही.

५

मराठीत हे काम बहुतांशी व्यक्तिगत आस्थेवर चालत आले. भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली, ती प्रकाशक रा. ज. देशमुख यांच्या आग्रहामुळे लिहिली गेली, हे सर्वश्रुत आहे. असा आग्रही प्रकाशक लाभणे हा सुयोग होय, व्यवस्था नव्हे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला साहाय्य करते; ते साहाय्य हस्तलिखित पुरे झाल्यानंतरचे आहे. २०२१ साली केंद्र सरकारने तिशीच्या आतील लेखकांसाठी सहा महिन्यांच्या मार्गदर्शनाची आणि दरमहा ५०,००० रुपयांच्या शिष्यवृत्तीची योजना जाहीर केली. तीत मराठीचाही समावेश होता. मात्र तेथे विषयाची चौकट आधीच ठरलेली होती.

विद्यापीठ-विभागांना या प्रश्नाकडे परक्याच्या दृष्टीने पाहण्याचे कारण नाही. प्रबंधलेखनासाठी शिष्यवृत्ती, मार्गदर्शक, सहामाही प्रगती-अहवाल आणि प्रबंध सादर करण्यापूर्वीचे जाहीर वाचन ही सर्व साधने तेथे रुळलेली आहेत. वर सांगितलेल्या चार अंगांशी ती जवळजवळ तंतोतंत जुळतात. प्रबंध प्रतिभेने लिहिला जातो असे कोणी मानत नाही, म्हणून त्याच्या पूर्ततेची व्यवस्था झाली. कादंबरी केवळ प्रतिभेनेच पुरी होते असे मानले गेले, म्हणून तिची झाली नाही. तशी व्यवस्था करावयाचीच झाल्यास मेक्सिकोच्या अनुभवातून तीन गोष्टी घ्याव्या लागतील : मुदत एका वर्षाहून अधिक असावी, श्रोत्यांत मतभेदाला मुभा असावी, आणि जो पैसा देतो त्याने कादंबरी कशी असावी हे सांगू नये.