टेन्शन नव्हे, शॉर्टसर्किट!

प्रेझेंटेशनची तिसरी स्लाइड आणि छातीत अचानक धडधड. मिनिटाला 180-200 ठोके! दहा मिनिटांनी बटण बंद केल्यासारखी थांबतेही. कलीग म्हणतात, 'कॉफी कमी कर रे!' तुम्हालाही पटतं. पण अशी झटक्यात सुरू, झटक्यात बंद होणारी धडधड बऱ्याचदा हृदयाच्या वायरिंगमधला घोळ असते.

काहींच्या हृदयात जन्मतःच विजेची एक जादा वाट असते. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या डॉक्टरांनी 1930मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते 'डब्ल्यूपीडब्ल्यू'. करंट त्या वाटेनं गोल गोल फिरत राहतो. बहुतेकांचा त्रास तेवढ्यावरच थांबतो. क्वचित मात्र वरच्या कप्प्यातला गोंधळ त्याच वाटेनं थेट खाली उतरतो आणि हृदय बंद पडू शकतं. तेही ऐन तरुण वयात.

यावर इलाज आहे अ‍ॅब्लेशन. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, हृदयात नेतात. चुकार वाट शोधून रेडिओलहरींच्या उष्णतेनं तेवढाच ठिपका जाळतात. छाती उघडायची भानगडच नाही. (1982मध्ये सुरुवात झाली तेव्हा चक्क शॉक द्यायचे!) या दुखण्यात दहापैकी नऊहून जास्त जणांची सुटका होते. धोका अगदीच नाही असं नाही. मूळ वाट शेजारीच असेल तर तिला इजा होऊन पेसमेकर लागू शकतो. डॉक्टरांना हे आधीच विचारा.

आणि हो, ईसीजी धडधड चालू असतानाच काढून घ्या. नंतरचा अनेकदा नॉर्मल येतो. चक्कर आली, शुद्ध हरपली, तर मात्र मीटिंग सोडून थेट इमर्जन्सी गाठा, कुणाला तरी सोबत घेऊन.